पान, पट्टी आणि पेटी: मामांबरोबर क्युबात

शुक्रवार, हवाना

जुन्या हवानातल्या ओबिस्पो रस्त्यावर जरा रेंगाळलं की कुणीतरी जवळ येतंच. आज सकाळी आलेला माणूस स्वच्छ इस्त्रीच्या शर्टातला, बोलायला गोड. "सेन्योरा, आज सहकारी संस्थेचा दिवस. कामगारांना आज सिगार निम्म्या किमतीत विकायची परवानगी असते. उद्या मिळणार नाहीत." त्याची बहीण कोहिबा या नामांकित सिगारच्या कारखान्यात होती. मेर्कादेरेस रस्त्याच्या कोपऱ्यावर भेटलेल्या दुसऱ्याचा चुलतभाऊ तिथे होता आणि सहकारी संस्थेचा दिवस त्याच्याकडेही आजच होता. असा कुठलाही दिवस क्युबात नसतो. वर्षभर रोज हेच सांगितलं जातं.

"काय म्हणतोय त्यो?" मामांनी विचारलं. मी मराठीत सांगितलं. मामा म्हणाले, "कारखान्यातला माल निम्म्या भावात रस्त्यावर येत असेल, तर कारखाना चालतोय कशावर?"

मामांची उभी हयात निपाणीत तंबाखूच्या वखारीत गेली. माल विडीचा. पानाचा चुरा तळहातावर घेऊन, वास घेऊन भाव ठरवणारी त्यांची पिढी. मुलांनी वखार हातात घेतल्यावर त्यांनी एकच इच्छा सांगितली, ज्या पानात सिगार गुंडाळतात ते पान शेतात उभं असताना बघायचं. मी पुण्यात स्पॅनिश शिकवते, म्हणून दुभाषी म्हणून निघाले. मुंबईहून इस्तंबूलमार्गे हवाना. मी सिगार ओढत नाही, पण खरा हवाना, म्हणजे क्युबाचा सिगार, आणि नकली यांतला फरक कसा ओळखायचा हा विषय या प्रवासात माझ्या डोक्यात पक्का बसला. तो इथे दिवसवार मांडते आहे.

ही फसवणूक आजची नाही. एकोणिसाव्या शतकातच युरोपात हवानाच्या नावाने इतका खोटा माल विकला जात होता, की १८८९ साली, क्युबा स्पेनच्या ताब्यात असताना, पेट्यांवर हमीची पट्टी लावायला सुरुवात झाली. १९१२ साली स्वतंत्र क्युबाने त्यासाठी कायदा केला. आज पेटीच्या डाव्या कडेला दिसणारी हिरवी सरकारी पट्टी त्याच वंशातली. म्हणजे शंभराहून जास्त वर्षं एक बाजू पट्टी सुधारते आहे आणि दुसरी तिची नक्कल सुधारते आहे.

शनिवार, वाटेत

विन्यालेस या तंबाखूच्या खोऱ्यात जायला वाटणीची टॅक्सी. पेट्रोलची टंचाई असल्याने चालक सकाळऐवजी दुपारी आला. महामार्ग रुंद आणि जवळजवळ रिकामा, कडेला हात दाखवत उभी असलेली माणसं, घोडागाड्या. अंधार पडल्यावर पोहोचलो, गावात वीज नव्हती. घरमालकीणबाईंनी मेणबत्तीच्या उजेडात भात आणि काळा घेवडा वाढला. मामांना तो फार आवडला.

रविवार, विन्यालेस

सकाळी दार उघडलं तर समोर मोगोते उभे. सपाट लाल शेतातून एकदम सरळ वर आलेले चुनखडीचे हिरवे डोंगर. हे खोरं १९९९पासून युनेस्कोच्या यादीत आहे आणि अजूनही इथे बैलाने नांगरट चालते. मामा बैलांपाशीच अर्धा तास थांबले.

ज्या शेतकऱ्याकडे गेलो त्याच्याकडे पर्यटकांचा राबता होता. ताडाच्या झावळ्यांनी शाकारलेल्या उंच वाळवणघरात त्याने आम्हाला बसवलं, मांडीवर फळी घेतली आणि बोलता बोलता सिगार वळला. पानाची मधली शीर ओढून काढली आणि नेहमीचं वाक्य म्हणाला, "सगळं निकोटीन या शिरेत असतं. ती काढली की सिगार निर्धोक." इथले बहुतेक वाटाडे हे सांगतात. मी मामांना सांगितलं तर त्यांनी मान हलवली. "काडीत कुठली ताकद? काडी स्वस्त का जाते मग? ताकद पानात असते. शीर काढायची ती नीट जळत नाही, ओढ अडवते म्हणून." मामांचंच खरं. निकोटीन शिरेपेक्षा पानाच्या पात्यात जास्त असतं, आणि निर्धोक सिगार अशी वस्तू नसते. शेतकऱ्याला मी हे सांगितलं तेव्हा तो मोकळं हसला आणि मामांकडे वळून म्हणाला, "सेन्योर तंबाखूतले आहेत तर!" त्यानंतर पर्यटकांसाठीचं बोलणं बंद झालं आणि खरं बोलणं सुरू झालं.

पिकाचा नव्वद टक्के हिस्सा सरकारला, सरकार ठरवेल त्या भावाने. उरलेला दहावा हिस्सा घरचा. त्या घरच्या पानाचे सिगार तो वळतो, केळीच्या सोपटात बांधून ठेवतो आणि दारात आलेल्याला विकतो. त्यांच्याभोवती ब्रँडच्या नावाची कागदी पट्टी नसते. भावाचा विषय निघाला तसे मामा १९८१ सालावर आले. निपाणीत शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादक रस्त्यावर बसले होते, गोळीबार झाला, माणसं गेली. हे स्पॅनिशमध्ये सांगताना माझा आवाज जड झाला. शेतकरी बराच वेळ काही बोलला नाही, मग त्याने मामांसाठी आणखी एक सिगार वळायला घेतला.

बिनपट्टीचा हा सिगार नकली आहे का? माझ्या मते अजिबात नाही. तो शेतकऱ्याचा सिगार म्हणूनच विकला जातो. तोच सिगार हवानाला नेऊन कुणी त्याला कोहिबाची पट्टी चढवली, की त्या क्षणी तो नकली होतो. पान तेच, त्यावर लिहिलेलं नाव खोटं.

सोमवार, सान लुईस

आजच्या दिवसासाठी मामा क्युबाला आले होते.

विन्यालेस देखणं आहे, पण सिगारचं सर्वात बाहेरचं पान, ज्याला इथे 'कापा' म्हणतात, ते मुख्यतः विन्यालेसमधून येत नाही. ते पिनार देल रिओ शहराच्या नैर्ऋत्येला, वुएल्ता आबाहो या तंबाखूच्या प्रदेशातल्या सान लुईस आणि सान हुआन इ मार्तिनेस या गावांभोवती पिकतं. तिथली जमीन तांबूस, वाळूमिश्रित, पाणी लगेच सोडणारी. मामांनी मूठभर माती उचलून बोटांतून सोडली आणि बोलले नाहीत.

कापाचं शेत लांबून पांढरं दिसतं. अख्ख्या शेतावर माणसाच्या डोक्यावरून जाईल इतक्या उंचीवर पातळ कापडाचा मांडव असतो, चारही बाजूंनीसुद्धा. कापड ऊन गाळतं, त्यामुळे पान जाड न होता मोठं, पातळ, लवचिक होतं. आतला उजेड मऊ होता आणि हवा दमट. मामांनी एक पान झाडावरच तळहातावर झेललं, अंगठा हळूच फिरवला. "शीर लागतच नाही गं हाताला." आमच्याकडे विडीचा तंबाखू उघड्या रानात, कडक उन्हात. शेंडा खुडायचा, फुटवे काढायचे, म्हणजे पानात जोर उतरतो. पुढे पान उन्हात जमिनीवर वाळवायचं आणि चुरा करायचा. तिथे पान अखंड राहण्याला किंमत नाही. इथे एक छिद्र पडलं की कापा म्हणून पान बाद.

सिगारच्या पोटात जाणारी पानं वेगळ्या शेतात, उघड्या उन्हात वाढतात आणि झाडावरच्या जागेनुसार त्यांची कामं ठरतात. खालचं 'बोलादो' सौम्य, जळायला मदत करणारं. मधलं 'सेको' सुगंधाचं. वरचं 'लिहेरो' ऊन खाल्लेलं, जाड, ताकदीचं, सावकाश जळणारं. ते दोनेक वर्षं मुरवल्याशिवाय वापरत नाहीत. तोडणी खालून वर, एका वेळी दोन-तीन पानं, मधे काही दिवसांची विश्रांती. म्हणजे एकाच झाडाशी माणूस पुन्हा पुन्हा येतो. मग पानं सुईने जोड्या करून काठ्यांवर टांगायची आणि वाळवणघरात सावलीत पन्नासेक दिवस. वाळवणघर पूर्व-पश्चिम बांधतात, म्हणजे ऊन फक्त टोकाच्या भिंतींवर येतं.

बरीचशी वाळवणघरं नवी दिसत होती. सप्टेंबर २०२२च्या इयान वादळाने हाच जिल्हा झोडपला आणि हजारो वाळवणघरं आडवी केली. आलेहांद्रो रोबाइना यांचं प्रसिद्ध शेतही त्यात मोडलं. रोबाइना (१९१९–२०१०) हे कापा पिकवण्यातले क्युबातले सर्वात मानाचे शेतकरी. १९९७ साली त्यांच्या नावाने 'वेगास रोबाइना' हा ब्रँड निघाला. हयात असलेल्या शेतकऱ्याचं नाव सिगारला मिळणं ही मोठी गोष्ट होती. घराण्यात तंबाखू १८४५पासून.

इथून निघताना मला एक गोष्ट कळली, आणि पुढच्या सगळ्या तपासणीचा आधार तीच झाली. खऱ्या पेटीतला सिगार हे अनेक वर्षांचं, अनेक हातांचं काम आहे. नकली करणाऱ्याला एवढा वेळ परवडत नाही. तो छपाईत कितीही पुढे गेला तरी पानात मागे राहतो.

मंगळवार

परतीचा प्रवास. टॅक्सीत मामा झोपले, मी टिपणं काढली. हवानात संध्याकाळी पुन्हा वीज गेली.

बुधवार, कारखाना

फोटो काढायला बंदी, पिशवी बाहेर. वळणारे कारागीर ज्या दालनात बसतात ते 'गालेरा' शाळेच्या वर्गासारखं, बाकांच्या रांगा आणि पुढे चौथऱ्यावर वाचक. १८६५पासून क्युबाच्या सिगार कारखान्यांत कामगारांसाठी मोठ्याने वाचायची प्रथा आहे. सकाळी वर्तमानपत्र, नंतर कादंबरी. वाचन आवडलं की कारागीर आपली पाती बाकावर आपटून दाद देतात. आम्ही होतो तेव्हा बेसबॉलच्या सामन्याचा वृत्तांत चालू होता. सोलापूरच्या विडी कामगार बायका डोळ्यांपुढे आल्या. सुपात तंबाखू, गुडघ्यावर टेंभुर्णीचं पान, बोटं न बघता चाललेली. इथेही निम्म्याहून जास्त बायकाच दिसल्या.

कारागीर पोटाची पानं एकेक करून दुमडतो, अखंड, सिगारच्या पूर्ण लांबीची. दुमडींमधून हवा वाहायला वाट राहिली पाहिजे. ती मधल्या पानात, 'कापोते'त, गुंडाळायची, साच्यात दाबायची. मग यंत्रावर ओढ, म्हणजे सिगारमधून हवा नीट ओढली जाते का, ते तपासतात. पुढे 'चावेता' नावाच्या गोल पात्याने कापा कापून तिरपा गुंडाळायचा. शेवटी डोक्यावरची, म्हणजे तोंडात धरायच्या टोकावरची, टोपी. ही टोपी नीट बघा, कारण तपासायला ती सर्वात सोपी आहे. क्युबातल्या कामात टोपीपाशी पानाचे सहसा तीन वेढे दिसतात, एकाखाली एक, बारीक रेषांसारखे. नकली सिगारवर बहुधा एकच गोल तुकडा डिंकाने डकवलेला असतो.

त्यानंतरचं दालन मामांना सर्वात आवडलं. सिगार रंगाने वेगळे करणारा माणूस. टेबलावर ढीग, त्याने हात फिरवला की छटांच्या रांगा लागतात. पेटीत सिगार डावीकडे गडद, उजवीकडे हळूहळू फिके असे लावतात आणि फरक जेमतेम जाणवतो. मामा तिथून हलेनात. "माझ्या वखारीत असा एक माणूस असता तर..." त्या माणसाने मामांना एक ढीग लावून बघायला दिला, मग त्यातले काही सिगार त्यांच्या देखत पुन्हा हलवले, आणि ते कुठे जायला हवे होते हे एकेक करून दाखवलं.

'बहीण कारखान्यात आहे' ही कथा इतकी चालते, कारण तिच्यात थोडं सत्य आहे. कामगारांना रोज थोडे सिगार स्वतःसाठी मिळतात, आणि पगारात भागत नसलेल्या देशात काही बाहेर पडतातही. पण त्यातून पंचवीस एकसारखे सिगार, एकाच छटेचे, पेटी, पट्टी, शिक्क्यासह भरून निघत नाहीत. रस्त्यावरच्या विक्रेत्यांचा मला राग येत नाही. रोज तासन्‌तास वीज नसलेल्या शहरात तेही घर चालवताहेत. मात्र ज्या बायका दिवसभर मान खाली घालून वळताहेत, त्यांच्या कामाला त्यांच्याच देशात खोट्या मालाने बट्टा लागतो, हे मला लागलं.

गुरुवार, न्याहारीचं टेबल आणि दुकान

आमच्याच घरी उतरलेल्या अर्जेंटिनी जोडप्याने आदल्या दिवशी सेंत्रो हवानातल्या एका फ्लॅटमधून पेटी आणली होती. कोहिबा एस्प्लेंदिदोस, पंचवीसची. दुकानातल्या भावाच्या दहाव्या हिश्श्याहूनही स्वस्त. मामा तंबाखूतले हे त्यांना घरमालकीणबाईंकडून कळलं होतं. "खरी आहे का, सांगाल?"

झाकण काचेचं होतं. कोहिबा काचेच्या झाकणाच्या पेटीत येत नाही. तपास तिथेच संपला असता, पण त्यांनी सगळं बघायला सांगितलं, म्हणून मी पेटी उलटी केली. खऱ्या पेटीच्या तळावर 'हाबानोस एस. ए.' हे सिगार विकणाऱ्या क्युबन कंपनीचं नाव, 'हेचो एन कुबा', म्हणजे क्युबात बनवलेलं, आणि 'तोतालमेंते आ मानो', म्हणजे पूर्णपणे हाताने, ही अक्षरं तापल्या ठशाने लाकडात उमटवलेली असतात. नख फिरवलं की खाच लागते. इथे नुसती शाई होती. शिवाय खऱ्या पेटीवर कारखान्याचा सांकेतिक शिक्का आणि पेटी भरल्याचा महिना-वर्ष असतं, आणि महिना स्पॅनिश. जानेवारी म्हणजे 'एनेरो', म्हणून 'ई-एन-ई'. या पेटीवर 'जे-ए-एन' होतं. स्पॅनिश बोलणाऱ्या त्या दोघांच्या हे आधीच लक्षात यायला हवं होतं असं वाटेल, पण विकत घेताना कुणी पेटी उलटी करत नाही.

हिरवी पट्टी झेरॉक्ससारखी. २०१०पासूनच्या पट्टीवर होलोग्राम आणि बारकोड असतो. त्याचा क्रमांक हाबानोसच्या संकेतस्थळावर टाकून तपासता येतो. आमचा क्रमांक मिळाला नाही. सिगारवरच्या पट्टीतही खोट होती. काळ्या भागातल्या पांढऱ्या चौकोनांच्या रांगा कडेला अर्ध्यातच कापलेल्या आणि सोनेरी छपाईला उठाव नाही. २०१४पासून कोहिबाच्या पट्टीवर होलोग्रामही आहे, तो इथे नव्हताच.

मामांनी हे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "कागद बाजूला ठेव. एक सिगार दे." बोटांनी लांबीभर दाबत गेले. एका जागी टणक, दुसऱ्या जागी पोकळ. पंचवीस सिगार शेजारी ठेवले तर रंग तीन-चार प्रकारचे, टोपी एका तुकड्याची. मग त्यांनी त्या दोघांना विचारून सुरीने सिगार उभा चिरला. आत चुरा, काड्या, तुकडे. आदल्या दिवशी कारखान्यात बघितलेली दुमडलेली अखंड पानं नावालाही नाहीत.

मामांनी पान तपासायचा आग्रह धरला याचं मला विशेष वाटलं. कारण कागद खरा असूनही माल खोटा असू शकतो. हवानात रिकाम्या अस्सल पेट्या विकल्या जातात, पट्ट्याही. त्या पुन्हा भरल्या की शिक्का, महिना, लाकूड सगळं बरोबर निघतं. खऱ्या पेटीचा बारकोड छापूनही देता येतो. म्हणून आधी टोपी, हाताखालचा भरीवपणा, रंगाची एकसारखी रांग, पेटवायच्या टोकाला दिसणाऱ्या पानांच्या घड्या. मग पेटी. आणि या सगळ्याच्याही आधी, माल कुठे मिळाला.

दुपारी हवानाच्या मिरामार भागातल्या, पाचव्या अव्हेन्यूवरच्या 'ला कासा देल हाबानो'मध्ये गेलो. हाबानोस कंपनीची ही अधिकृत दुकानं. कोहिबा विचारलं तर कपाट जवळजवळ रिकामं. पीक वादळाने मारलेलं, मागणी जगभर, आणि २०२२ साली कोहिबा आणि त्रिनिदाद या दोन ब्रँडचे भाव सगळ्या देशांत हाँगकाँगच्या चढ्या पातळीला नेले गेले. ज्या देशात तो बनतो तिथल्या सरकारी दुकानात तो मिळत नाही. मग तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये पेट्यांची उतरंड कशी? हा प्रश्न त्या जोडप्यालाही नंतर पडला. ते आमच्याबरोबरच दुकानात आले होते.

१९६६मध्ये कोहिबा सुरू झाला तो विक्रीसाठी नव्हे. फिदेल कास्त्रोंच्या अंगरक्षकाकडचा एक सिगार त्यांना आवडला, त्याच्या कारागिराला शोधलं आणि एल लागितो या हवेलीत खास त्यांच्यासाठी व परदेशी पाहुण्यांसाठी वळायला सुरुवात झाली. सर्वात जास्त नक्कल याच नावाची होते, त्यात हा इतिहासही कारण आहे. माझा सल्ला असा: पहिल्यांदा घेणाऱ्याने कोहिबाच्या मागे लागू नये. मामांनी मोंतेक्रिस्तो नंबर चारची छोटी पेटी घेतली. १२९ मिलिमीटरचा, मध्यम, नावाजलेला सिगार. पैसे देण्याआधी दुकानदाराने स्वतःच पेटी उघडून समोर ठेवली. तिथे तशीच पद्धत आहे, पेटी उघडायला कुणी नकार दिला तर ते दुकान सोडावं. दुकानात बसणाऱ्या कारागिराने वळलेले चार सिगारही घेतले, बिनपट्टीचे, पावतीसह. ओढायला नव्हेत, वखारीतल्या मंडळींना चिरून दाखवायला.

शनिवार, विमानतळ

क्युबातून बाहेर पडताना वीस सुटे सिगार कागदपत्रांशिवाय चालतात. त्यापुढे पन्नासपर्यंत मूळ, मोहोरबंद, होलोग्राम असलेल्या पेटीत हवेत. पन्नासाच्या वर दुकानाची अधिकृत पावती लागते. रस्त्यावरची पेटी इथे जप्त होऊ शकते, म्हणजे पैसेही जातात आणि मालही. आपल्याकडे सीमाशुल्काशिवाय पंचवीस सिगार आणता येतात. आमचे त्यात बसत होते. अधिकाऱ्याने मामांची पेटी हातात घेतली, हिरवी पट्टी आणि पावती बघितली आणि परत दिली. चार सुट्या सिगारांकडे बोट दाखवून त्याने विचारलं, हे कुठले. मी पावतीवरची ओळ दाखवली. मामांनी मराठीतच त्याला टोपीचे तीन वेढे मोजून दाखवले, आणि तो हसून म्हणाला, "सी, सेन्योर, ब्वेनो."